एक्स्पोर्टचा माल

मंडईत द्राक्षांच्या ढिगामागे बसलेला माणूस सगळ्यात मोठ्याने काय ओरडतो ते एकदा नीट ऐका. भाव नाही, गोडी नाही, गावाचं नाव नाही. तो ओरडतो, "एक्स्पोर्ट! एक्स्पोर्टचा माल!" आणि आपण थांबतो. माल एक्स्पोर्टचा असेल तर तो आत्ता रॉटरडॅमच्या वाटेवर असायला हवा, इथे गोणपाटावर काय करतोय, असं काही आपल्याला विचारावंसं वाटत नाही. परदेशी जायला निघालेला आणि काही कारणाने राहिलेला माल म्हटलं की हात आपोआप पिशवीकडे जातो. (परदेशी जायला निघालेल्या आणि राहिलेल्या माणसाला हा मान मिळत नाही. त्याला आपण जिन्यात गाठून "काय रे, व्हिसाचं काय झालं?" असं विचारतो.)

मुंबईत फॅशन स्ट्रीटला अशाच शर्टांचे डोंगर लागलेले असतात. 'एक्स्पोर्ट सरप्लस'. एक बाही अर्धा इंच लांब म्हणून कुठल्याशा युरोपातल्या दुकानाने नाकारलेला शर्ट आपण घासाघीस करून घेतो आणि अभिमानाने घालतो, एक हात जरासा पुढे काढून. दोष परदेशी नजरेने काढलेला असला की तो अंगावर शोभतो. तीच बाही आपल्या शिंप्याने तशी शिवली असती तर त्याचं दुकान डोक्यावर घेतलं असतं.

वस्तू देशाबाहेर जाण्याआधी तिची तपासणी व्हायला हवी, हा विचार आपल्याकडे नुसता मंडईत नाही, कायद्यात आहे. 'निर्यात (गुणवत्ता नियंत्रण व तपासणी) अधिनियम, १९६३' असं त्याचं नाव. सरकारने एखादी वस्तू अधिसूचित करायची, तिचा दर्जा ठरवायचा, आणि त्या दर्जाचा दाखला हातात असल्याशिवाय तिला बंदर ओलांडू द्यायचं नाही, एवढं त्याचं सार. यासाठी निर्यात तपासणी परिषद स्थापन झाली. तिच्या हाताखाली मुंबई, कोलकाता, कोची, दिल्ली आणि चेन्नई इथे पाच संस्था आल्या. मासे, अंडी, दूध, मध अशी यादी वाढत वाढत हजाराच्या घरात पोचली. सरकार एकदा यादी करायला बसलं की त्याला उठवणं कठीण जातं.

आता कुणी म्हणेल, घरच्या माणसांसाठीही कायदे आहेतच की. आहेत ना. त्या कायद्यांचे अधिकारी दिवाळीच्या आधी आठ दिवस बातम्यांमध्ये खव्याच्या गोण्यांशेजारी उभे असलेले मी दरवर्षी पाहतो. बाकीचे महिने खवा आणि आपण एकमेकांना समजून घेतो.

पण परदेशी जाणाऱ्या मालाची काळजी ही काही स्वतंत्र भारताची नवी हौस नव्हे. १९६३ च्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८६३ साली, मुंबई इलाख्यात एक कायदा झाला होता. त्याचं नाव ऐकून मला फार बरं वाटलं: 'कॉटन फ्रॉड्स अॅक्ट'. कापसातल्या लबाड्यांचा कायदा. सरकारी भाषा तेव्हा एवढी सरळ होती. 'गुणवत्ता नियंत्रण' वगैरे काही नाही. तुम्ही लबाड आहात, हे शीर्षकातच सांगून मोकळे.

लबाडी होतीच. अमेरिकेत यादवी पेटली होती, तिथला कापूस बंद झाला होता, आणि लँकेशायरच्या गिरण्या मिळेल तो कापूस मागेल त्या भावाने घेत होत्या. मुंबईत सोन्याचा पाऊस पडत होता. अशा पावसात काही मंडळींच्या लक्षात आलं की गठ्ठा वजनावर विकला जातो आणि वजन काही फक्त कापसालाच असतं असं नाही. सरकीला असतं. मातीला असतं. दगडाला तर चांगलंच असतं. आणि पाणी तर फुकट. लिव्हरपूलला गठ्ठा फोडला की आतून खानदेशची जमीनच निघायची. तिथल्या बाजारात पश्चिम हिंदुस्थानातल्या कापसाला सरसकट 'सुरत' म्हणत आणि ते नाव घेताना लोकांचं तोंड वाकडं व्हायचं. दगड भरणारा एकटा, पण बदनामी सगळ्यांची. यातच अशा कायद्यांचं खरं कारण आहे. समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाला रामभाऊ प्रामाणिक आणि शामभाऊ लबाड असं वेगळं दिसत नाही. त्याला गठ्ठ्यावरचं गावाचं नाव दिसतं.

म्हणून तपासनीस नेमले गेले. तपासनीस आले की त्यांना चुकवायच्या वाटाही येतात, आणि व्यापाऱ्यांची कुरकुरही येते. तो कायदा पुढे वीसेक वर्षांत गुंडाळला गेला. त्याआधी १८२९ सालीही याच दुखण्यावर एक नियम करून झाला होता. म्हणजे दगड कापसात भरायचा आणि कायदा दगडावर करायचा, हा खेळ आपल्याकडे दोनशे वर्षांचा आहे.

जपान्यांनी हाच खेळ वेगळ्या तऱ्हेने खेळला. महायुद्धानंतर जपानी माल म्हणजे दोन दिवसांत मोडणारं खेळणं, अशी जगात ख्याती होती. त्यांनी १९५७ साली निर्यात तपासणीचा कायदा केला आणि तो मनावर घेतला. माझ्या काकांकडे एक जुना जपानी कॅमेरा होता. त्याच्या अंगावर नखाएवढा सोनेरी, अंड्याच्या आकाराचा कागद चिकटवलेला होता आणि त्यावर इंग्रजीत 'पास्ड' असं छापलेलं होतं. कॅमेरा तपासणाऱ्या संस्थेची ती खूण. काकांनी ती कधी काढली नाही. फोटो काढायचा म्हणजे घरातल्या सगळ्यांनी गच्चीवर जायचं, उन्हाकडे तोंड करून डोळे बारीक करायचे, आणि काकांनी आधी अंगठ्याने तो कागद नीट चिकटलाय ना ते बघायचं. "पास झालेला पीस आहे," ते पाहुण्यांना सांगायचे. घरातलं दहावीला एकदा बसूनही पास न झालेलं एक माणूस तेव्हा हमखास आत पाणी प्यायला जायचं.

जपानने तो कायदा १९९७ साली रद्द करून टाकला. गरज उरली नाही म्हणे. मुलाचा अभ्यास घ्यायचं बंद करणाऱ्या बापासारखं ते आहे: एक तर मुलगा सुधारलेला असतो, नाही तर बाप दमलेला. जपानच्या बाबतीत पहिलं खरं असावं.

कायद्याचा एवढा अभ्यास करायची मला गरज नव्हती. माझ्या मावशीकडे तो अमलात येताना मी लहानपणापासून पाहतोय. मावशीचा मुलगा न्यू जर्सीत एडिसनला आहे, आणि तिचा दिवाळीचा फराळ दसऱ्यानंतर लगेच सुरू होतो, कारण कुरियरला दिवस लागतात. चकल्या तळून परातीत पडल्या की मावशी चष्मा लावते. काटा आलाय का, वेढे सुटलेत का, रंग सारखा आहे का. सगळं ठीक असलं तर ती चकली डाव्या डब्यात. वेढा तुटला तर उजव्या. डावा डबा एडिसनचा. करंजीची कड फुटलेली असेल, सारण डोकावत असेल, तर तिला परदेशगमन नाही. रव्याचे लाडू ठिसूळ म्हणून देशांतर्गत. डिंकाचे लाडू घट्ट वळलेले, ते विमानातून टाकले तरी शाबूत राहतील, म्हणून निर्यातीला. मी एकदा चुकून डाव्या डब्यात हात घातला.

"अरे, ती ठेव! ती एडिसनची आहे."

"मग आमची?"

"तुमची काय, तुकडे झाले म्हणून चव बदलते का?"

मौसाजी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून बशीतला चकलीचा चुरा चमच्याने खात होते. "माझं सगळं आयुष्य रिजेक्शनवर गेलं," ते म्हणाले. मावशीने ऐकलं नाही असं दाखवलं.

शेवटची तपासणी कुरियरच्या दुकानात. तिथला पोरगा डब्याला कान लावून हलवून बघतो, वास घेतो आणि विचारतो, "काकू, लोणचं नाही ना यात?" मावशी म्हणते, "नाही रे बाबा." पोरगा सगळ्यात खालचा डबा उघडतो आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी काढून टेबलावर ठेवतो. दोघंही काही बोलत नाहीत. पुढे पंधरा दिवसांनी व्हिडिओवर मुलगा दिसतो. त्याच्या हातात चमचा असतो. "मस्त झालाय गं चिवडा," तो म्हणतो. "आई, पण त्या चकल्या होत्या ना?"

फराळाचं एक बरं असतं, त्याला माशी लागत नाही. हापूसला लागते, आणि आपल्या निर्यातीच्या इतिहासात त्या माशीने जेवढे कागद रंगवायला लावले तेवढे कुठल्या मंत्र्यानेही लावले नसतील. फळमाशीची मादी पक्व व्हायला आलेल्या आंब्याच्या सालीला बारीक भोक पाडते आणि आत अंडी घालते. वरून आंबा अगदी नवऱ्यामुलासारखा. कापला की आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. कोयीत सोंडकिडा असतो तो वेगळाच. तो तर बाठ्यात मुक्कामाला असतो, आंबा खाऊन झाला तरी त्याचा पत्ता लागत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने माशीसाठी 'रक्षक' नावाचा सापळा काढला. त्यात मिथिल युजेनॉलचा वास असतो. नर माशी त्या वासाला भुलून आत जाते आणि परत येत नाही. बागेतून जाताना झाडाला लटकलेले ते डबे पाहिले की मला गहिवरून येतं. एवढ्या लहान जिवालाही अत्तराने गंडवता येतं.

माशीच्या भीतीने जपानने १९८६ साली आपल्या आंब्याला दार लावलं ते २००६ साली उघडलं. वीस वर्षं. त्यासाठी आंब्याला बाष्पाच्या खोलीत बसवावं लागलं: गराचं तापमान साडेसत्तेचाळीस अंश, वीस मिनिटं. युरोपला पाठवायचा तर अठ्ठेचाळीस अंशांच्या गरम पाण्यात तासभर. आपल्याकडे अभ्यंगस्नानालाही माणूस एवढा वेळ बसत नाही.

अमेरिकेचं प्रकरण आणखी वरचं. तिथे आंब्याला किरण दाखवायचे. किती? कमीत कमी चारशे ग्रे. आता हे किरण दाखवायची सोय कुठे होती? लासलगावला! भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२-०३ च्या सुमारास तिथे 'कृषक' हे केंद्र उभं केलं ते कांद्यासाठी, कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून. कांद्याला थोडक्या मात्रेत भागतं. आंब्याला त्याच्या कितीतरी पट जास्त. म्हणजे रत्नागिरी-देवगडचा हापूस समुद्रकाठ सोडून घाट चढायचा, नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या गावी जायचा, तिथे कोबाल्टसमोर उभा राहायचा आणि मग परत मुंबईच्या विमानतळावर यायचा. कोकणातला माणूस घाटावर गेला की घाटावरच्या जेवणाला नावं ठेवतो. आंब्याने कसं निभावलं असेल, कोण जाणे.

या सगळ्यामागे राजकारणही होतं. २००६ च्या मार्चमध्ये अध्यक्ष बुश दिल्लीला आले, अणुकराराची बोलणी झाली, आणि पत्रकारांसमोर ते म्हणाले की अमेरिका भारतीय आंबे खायची वाट पाहते आहे. पुढच्याच वर्षी, २००७ साली, लासलगावला अमेरिकेची मान्यता मिळाली आणि अठरा वर्षांच्या खंडानंतर हापूस तिकडे गेला. त्याच सुमारास हार्ले डेव्हिडसनच्या मोटारसायकलींना भारतात यायची वाट मोकळी झाली. आंबा देऊन फटफटी घेतली, असं लोक म्हणाले. कोकणात आंबा देऊन लोक काय काय घेतात ते ज्याने पाहिलंय त्याला हा सौदा महाग वाटला नसेल.

पण अमेरिकेची अट अशी की आंब्याला किरण दाखवताना त्यांचा स्वतःचा निरीक्षक हजर हवा. त्याचा येण्याजाण्याचा, राहण्याचा खर्च आपला. म्हणजे दर हंगामात एक अमेरिकन सरकारी माणूस आपल्या खर्चाने आंब्याच्या राशीसमोर उभा. मी त्याची कल्पना करत बसतो. एप्रिल-मेचं ऊन, लासलगावच्या मार्केट यार्डात कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग, लिलावाचा पुकारा, आणि त्या गर्दीतून एक गोरा गृहस्थ हातात वही घेऊन वाट काढतोय. त्याला कुणी तरी चहा देतं. कुणी तरी विचारतं, "साहेब, आंबा खाऊन बघितला का?" तो म्हणत असणार, माझं काम खायचं नाही, बघायचं आहे. असं म्हणणाऱ्या माणसाला हापूस तपासायला पाठवायचं म्हणजे अमेरिकेने फार विचार करून पाठवला असणार.

२०२० आणि २०२१ या दोन्ही हंगामांत करोनामुळे तो येऊ शकला नाही. आंबा तयार, पेट्या तयार, किरण तयार, निरीक्षक घरी. आणि निरीक्षक नाही म्हणून अमेरिकेला आंबा नाही. आपल्याकडे त्या दोन वर्षांत आंबा विकायला माणसं दारोदार फिरत होती. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर राजकारण बंद होऊन पेट्यांचे भाव आले होते. २०२२ पासून वाट पुन्हा उघडली. त्या देवाणघेवाणीत आपण त्यांच्या चेरी आणि जनावरांसाठी अल्फाल्फाचा चारा घ्यायला तयार झालो. आंबा, डाळिंबं तिकडे. चेरी आणि गवत इकडे.

एवढं करूनही एक गोष्ट कुठल्याही निरीक्षकाला दिसत नाही, ती म्हणजे साका. हापूस वरून केशरी, वासाला घमघमाट, आणि कापला की आत एक पांढुरका, फोपसा, आंबटसर डाग. ना माशी, ना अळी, नशीब. साक्याला कायद्यात कलम नाही. त्यावर दाखला देण्याचा अधिकार अजून फक्त मराठी घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषांकडे आहे. ते पेंढ्याच्या आढीतून आंबा उचलतात, देठाशी नाक लावतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात: "याला दोन दिवस आहेत." आंबा दोन दिवसांनी कापला आणि साका निघाला तर म्हणतात, "मी दोन दिवस म्हटलं होतं, तुम्ही उशीर केलात."

युरोपने तर २०१४ साली कमाल केली. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या दोनशे सात खेपांमध्ये कीड सापडली होती, म्हणून १ मेपासून हापूससह सगळे आंबे बंद. हापूसच्या ऐन हंगामात, आणि तेही महाराष्ट्र दिनी! लेस्टरचे खासदार कीथ वाझ, मूळचे गोवेकर आईवडिलांचे, त्यांनी बंदीविरुद्ध आवाज उठवला. गोवेकराच्या समोरून कुणी आंबा उचलून नेला तर तो गप्प बसेल, असं युरोपला वाटलंच कसं? २०१५ च्या जानेवारीत आंब्यावरची बंदी उठली. पण त्या यादीत आंब्याबरोबर आणखी चार नावं होती, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही: कारलं, वांगं, पडवळ आणि अळू. कोकणातल्या एखाद्या घरच्या सोमवारच्या ताटावरच ही बंदी होती. पडवळावर खंडभर बंदी! लहानपणी पडवळ ताटात दिसल्यावर आम्ही ज्याच्यासाठी देवाला प्रार्थना करायचो, ते ब्रसेल्समधल्या लोकांनी एका आदेशात करून टाकलं. फक्त देश चुकला.

द्राक्षांची गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. नाशिककडचा बागाईतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, मग विरळणी, मग घडाघडाला हात. युरोपला जायचं तर प्लॉटची नोंदणी हवी, प्रयोगशाळेच्या माणसाने येऊन नमुना न्यायला हवा, आणि औषधांचा अंश मर्यादेत हवा. गावात त्या दिवसांत माणसं एकमेकांना तब्येत विचारत नाहीत, "प्लॉट पास झाला का?" एवढंच विचारतात. २०१० साली असे पास झालेले प्लॉट युरोपात जाऊन नापास झाले. तिकडे क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. आपला बागाईतदार त्याला लिहोसिन म्हणतो आणि वेलीची वाढ आवरायला कित्येक महिने आधी वापरतो. गंमत अशी की आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. शेतकऱ्याने अभ्यासक्रमातलं सगळं पाठ केलं, परीक्षा पास झाला, आणि परदेशी परीक्षकाने बाहेरचा प्रश्न विचारला. कंटेनर अडकले, पैसे अडकले, बँकांचे हप्ते मात्र कधी अडकत नाहीत ते तेव्हाही अडकले नाहीत. त्यानंतर यादी वाढली. यादी नेहमी नंतर वाढते.

आणि माल पास झाला, फळ पास झालं, की लाकडाची पाळी. आंतरराष्ट्रीय नियम असा की ज्या लाकडी पेटीतून किंवा पॅलेटवरून माल जातो, त्या लाकडात किडा नको. म्हणून लाकूड आतपर्यंत छप्पन्न अंशांना अर्धा तास तापवायचं आणि त्यावर गव्हाच्या लोंबीच्या चित्राचा ठप्पा मारायचा. न्हावा शेव्याला बोल्टची पेटी निघाली असेल, तर बोल्टांना कुणी फारसं विचारत नाही, पेटीच्या ठप्प्याला विचारतात. क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात त्या दिवशी जो आरडाओरडा होतो तो आतल्या मालाबद्दल नसतो. "ठप्पा दिसत नाही! ठप्प्यावर टेप मारली कुणी?" आणि मग दोन माणसं कात्री घेऊन धावतात.

कागदाचं राज्य काय असतं ते पूर्ण उमगायला २०२५ चा मे महिना यावा लागला. नवी मुंबईत किरण दाखवून आंब्याच्या पंधरा खेपा विमानाने अमेरिकेला गेल्या. लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, अटलांटा. तिथे त्यांना थांबवलं. आत माशी सापडली म्हणून नाही; विकिरणाच्या कागदपत्रांत त्रुटी निघाल्या म्हणून. पर्याय दोन: परत न्या, नाही तर नष्ट करा. निर्यातदारांच्या अंदाजाने पाच लाख डॉलरच्या आसपास नुकसान झालं. चारशे ग्रे खाऊन, घाम पुसून, तपासून, पॅक होऊन, सात समुद्र ओलांडून गेलेला आंबा एका फॉर्मपुढे हरला. १८६३ मध्ये निदान दगड तरी सापडायचा.

ही बातमी आमच्या सोसायटीत आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि ग्रुपवर एकदम जाग आली. कुणाला निर्यातदारांचं वाईट वाटलं, कुणी अमेरिकेला चार शब्द सुनावले, कुणी जुन्या कागदपत्रांवरून सरकारी ऑफिसात स्वतःचं काय काय झालं ते लिहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मात्र मुद्द्याला हात घातला.

"परत येणार म्हणतायत ना? मग वाशीला कधी उतरणार? एक्स्पोर्टचा माल आहे, भाव पडलेला असेल. दोन डझन सांगून ठेवा."

लगेच तिघांनी "आम्हालाही" लिहिलं. एका वहिनींनी पेटी वाटून घेणारं कुणी आहे का, ते विचारलं. शेवटी कुणी तरी बातमी पूर्ण वाचून सांगितलं की परत आणायचं विमानभाडं आंब्यापेक्षा जास्त पडतं, म्हणून सगळा माल तिकडेच नष्ट करणार आहेत. मग बराच वेळ ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. संध्याकाळी काकांचा निरोप आला: कर्नाटकचा आहे, पण दिसायला एक्स्पोर्टसारखाच आहे, गेटवर टेम्पो उभा आहे, लवकर या.